केबलवरची आया

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिने मला आई म्हणायचं सोडलं आणि आया म्हणायला लागली. कारण काय, तर आमच्या केबलवाल्याने काढलेली मालिका. इंदिरानगरमधले जुने लोक अजून ती आठवून हसतात. हसू देत. त्यांचं काही गेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात नव्या इमारती उठत होत्या आणि घराघरात केबल आली होती. केबलवाल्याचं मूळचं दुकान टीव्ही दुरुस्तीचं. दुकानाच्या माळ्यावर एक व्हीसीआर मांडून तो दुपारी सिनेमा लावायचा आणि मध्येमध्ये साड्यांच्या सेलच्या जाहिराती. लग्नांचं शूटिंग करायला त्याने कॅमेरा घेतला होता, पण लग्नसराई संपली की तो कपाटात पडून. त्याच सुमाराला कुठल्याशा परदेशी चॅनेलवर एक मालिका लागायची. एक इंग्रज जोडपं कुठल्यातरी गरम देशात येऊन राहतंय, साहेब हापिसात जातो, बाई व्हरांड्यात बसून पंख्याने वारा घेते आणि नोकरांवर डाफरते, असं काहीतरी. केबलवाल्याला त्यातलं इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याने ठरवलं की हे आपण मराठीत करायचं. त्र्यंबक रस्त्याला त्याच्या मामाचा एक जुना दगडी बंगला रिकामा पडला होता. बंगला फुकट, कॅमेरा घरचा. राहता राहिले इंग्रज.

इंग्रज आणायचे कुठून? मालिकेचा दिग्दर्शक म्हणजे एक बँकेतला गृहस्थ, नाटकाचं भयंकर वेड, दर वर्षी स्पर्धेत उतरून दर वर्षी हात हलवत परत येणारा. तो संध्याकाळी कॉलनीत फिरायला लागला. भाजीवाल्याकडची वांगी उलटीपालटी करून बघावीत तसा माणसांचे चेहरे बघत. आमच्या जिन्यापाशी त्याला माझा नवरा भेटला. गोरापान, घारे डोळे, भुरकट केस. सातपूरला एका कारखान्यात खरेदी खात्यात होता. स्टेजचं म्हणाल तर आमच्या लग्नात त्याला धड उखाणासुद्धा घेता आला नव्हता, घामाने सदरा भिजला होता. पण दिग्दर्शक म्हणाला, "अहो, तुम्ही जन्मजात साहेब आहात!" झालं. आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण अशीच पिठासारखी गोरी, तिला मडम केलं. आणि माझी मुलगी बापावर गेलेली, म्हणून ती त्यांची बेबी.

मुलगी बापावर गेली याचा सासूबाईंना केवढा आनंद! एरवी मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसली असती ती बाई, पण रंग बघितला आणि पेढे वाटले. माझं लग्नच मुळी रंगाकडे डोळेझाक करून झालेलं. मला बघायला आल्या तेव्हा माझ्या आईसमोर म्हणाल्या होत्या, "रंगाचं काय घेऊन बसायचं, शाळेतली कायमची नोकरी आहे ना!" तोंडावर. बाई एक नंबरची फटकळ.

आता माझं ऐका. कॉलेजात सगळी वर्षं मी नाटकात काम केलं होतं. माझी माहेरची ट्रंक बक्षिसांच्या कपांनी भरलेली होती. आख्ख्या कॉलनीत अभिनय कशाशी खातात हे ठाऊक असलेली मी एकटी. दिग्दर्शक घरी आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, मडम मी करते. त्याने आधी जीभ चावली, मग गळ्यात साखर ओतून म्हणाला, "वहिनी, तुमच्या अभिनयाचा प्रश्नच नाही हो. पण मडम म्हणजे… प्रेक्षकांचा गोंधळ होईल. तुम्ही आया करा. मोठा रोल आहे. रडायला भरपूर वाव आहे."

सासूबाई झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "घे गं घे. तुला मेकअपचासुद्धा खर्च नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा तिथेच होता. तो बुटाची नाडी बांधत होता, ती त्याला काही केल्या बांधता येईना.

मग केलीस कशाला, असं मला नंतर खूप जणींनी विचारलं. एक तर मला काम करायचं होतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायला मिळणार म्हटल्यावर मी कशालाही तयार होते. आणि दुसरं, माझी पोरगी दिवसभर त्या बंगल्यावर राहणार, तर तिचं खाणंपिणं कोण बघणार? मला वाटलं आया झाले तर ती माझ्या कडेवरच राहील.

मे महिन्याच्या सुट्टीत शूटिंग सुरू झालं. मडमेचा झगा आमच्या पडद्यांचा होता. माझ्या माहेरून आलेले जांभळ्या फुलांचे पडदे, विचारलंसुद्धा नाही कोणी. साहेबाची टोपी कुठल्याशा मळ्यातल्या म्हाताऱ्याकडून मागून आणली होती, तिला तंबाखूचा वास यायचा. ग्लासात व्हिस्की म्हणून कोरा चहा. आणि भाषा! दिग्दर्शकाचा नियम असा की साहेब आणि मडम आपापसात बोलतील ते अगदी शुद्ध मराठी. "प्रिये, या उष्म्याने माझा जीव कासावीस झाला आहे." पण आयेशी बोलायचं म्हटलं की त्याच तोंडातून "ए आया, टुम इकडे आव, पानी लाव." मी म्हटलं, अहो, यांना एवढं चांगलं मराठी येतं तर नोकरांशी असं का बोलतात? तो म्हणाला, "वहिनी, त्यालाच साहेबी म्हणतात." हे मात्र तो अगदी खरं बोलला, त्याला कळलं नाही तरी.

मला मात्र गावठी बोलायचं होतं. माझं माहेर सिन्नरकडचं, माझी आई जन्मभर 'हाय' आणि 'नाय' म्हणाली. मी तिच्यासारखं बोलले, "बेबीला लय ताप हाय, मालकीणबाई." सगळे खदाखदा हसले. विनोदी प्रसंग नव्हता तो.

पोरीला हा सगळा खेळ वाटला. केसांना पावडर फासून, पांढरा फ्रॉक घालून ती शेजारणीच्या मांडीवर बसायची, तिला ममा म्हणायची आणि माझ्यावर बोट रोखून ओरडायची, "आया, पानी लाव!" सगळ्या युनिटला कोण कौतुक! शेजारीण बिचारी वाईट नव्हती, बावळट होती. आरशात बघून 'ओ माय डिअर' घोकायची आणि मला विचारायची, "वहिनी, मी खरंच फॉरेनची वाटते ना?" मी म्हणायचे, वाटतेस हो बाई.

मग ते घरी आलं. एके सकाळी पोरगी पाटावर बसली आणि म्हणाली, "आया, दूध." सासूबाईंनी गालावर हात ठेवला, "अगं बाई, किती गोड! परत म्हण." परत म्हटलं की बिस्कीट. मी दरडावलं तर भोकाड. मी नवऱ्याकडे गेले. तो पेपरातून डोकं वर काढून शांतपणे म्हणाला, "खेळतेय गं. शाळा सुरू झाली की विसरेल."

त्याचं बोलणं नेहमी असंच, मऊ. मला त्याचा मोठा आधार होता, खोटं कशाला बोलू. त्या घरात माझ्या रंगावरून अवाक्षर न काढणारा तो एकटा माणूस होता. सासूबाई बोलायच्या, नणंदा बोलायच्या, आलेगेले पाहुणे बोलायचे. तो कधी नाही. मी मैत्रिणींना सांगायचे, माझा नवरा हिरा आहे.

शूटिंगच्या एका रविवारी त्याच्या कारखान्याचे मॅनेजर सपत्नीक बंगल्यावर आले. त्र्यंबकेश्वराला दर्शनाला निघाले होते, वाटेत गर्दी दिसली म्हणून थांबले. नवरा टोपी काखेत मारून धावत फाटकापर्यंत गेला. मी आयेच्या लुगड्यात मागच्या पडवीत सगळ्यांचा चहा करत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तर मॅनेजरची बायको शेजारणीला म्हणत होती, "मुलगी अगदी तुमच्यावर गेलीय हं. आणि जोडी काय शोभते तुमची!" शेजारीण लाजून लालेलाल. तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "सर, चहा घ्या." बाईंनी माझ्याकडे न बघता कप उचलला. मी ट्रे धरून उभी. मला वाटलं, आता सांगेल. आत्ता सांगेल. तेवढ्यात कॅमेरावाला ओरडला आणि सगळे पांगले.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की, जाताना गाडीपाशी. हसले दोघं," तो म्हणाला. माझा विश्वास बसला.

शेवटचा प्रसंग असा होता की साहेब आणि मडम बेबीला घेऊन विलायतेला निघतात आणि आया रडत त्यांच्या जीपमागे धावते. ठरल्याप्रमाणे बेबीने माझ्याकडे हात पसरून रडायचं होतं. ती रडेचना. शेजारणीच्या मांडीवर मजेत बसून ती टाटा करत होती, "बाय बाय आया!" दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, हेच भारी आहे. ऊन मी म्हणत होतं, डांबर तापलेलं, मी अनवाणी. पुन्हा पुन्हा पळवलं मला. जीप पुढे जायची, माझ्या नवऱ्याची टोपी दिसायची, आणि माझ्या लेकीचा हसरा चेहरा लांब लांब जायचा. मी जे रडले ना त्या दिवशी, ते काम नव्हतं. छातीतून कोणी काहीतरी उपटून नेतंय असं मला वाटत होतं आणि कॅमेरावाला ओरडत होता, "मस्त, वहिनी, मस्त!"

पावसाळ्यात दर रविवारी मालिका लागायला लागली. दूधवाला मला आयाबाई म्हणायला लागला. शाळेत माझ्याच वर्गातली कार्टी पाठीमागून 'पानी लाव' म्हणायची. ते मी सहन केलं. पण पोरगी विसरली नव्हती. आणि आता एक विचित्रच चाललं होतं. घरात आम्हीच असलो की ती मला आई म्हणायची, अगदी लाडात, गळ्यात पडून. उंबरा ओलांडला की आया. बाजारात आया, बागेत आया. पोर म्हणून खेळत असती तर दोन्हीकडे सारखंच बोलली असती ना? कोणीतरी तिला शिकवत होतं.

कोण, हे मला सांगायला नको होतं. मी सासूबाईंना धरलं. जे मनात होतं ते सगळं बोलले, पेढ्यांपासून मेकअपपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हसते, बिस्कीट देते. शिकवलं मी काही नाही. मला जे बोलायचं ते मी तुझ्या तोंडावर बोलते, पोराच्या तोंडून बोलायची मला काय गरज?" मी म्हटलं, खोटारड्या आहात तुम्ही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नवरा दोघींच्या मध्ये पडला नाही. त्याने दार ओढून घेतलं.

गणपतीत आमच्या मंडळाने मालिकेतल्या कलाकारांचा सत्कार ठेवला. कारखान्याने मंडळाला देणगी दिली होती, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून मॅनेजर आणि त्यांच्या मिसेस. सगळ्यांनी मालिकेतल्या कपड्यांतच यायचं, अशी केबलवाल्याची टूम. मी लुगडं नेसले. का नेसले देव जाणे. सत्कार माझा होता म्हणून असेल. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मला जाहीर झालं होतं, जीपमागे धावण्याबद्दल.

मांडव खच्चून भरला होता. स्टेजवर एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला टोपीतला माझा नवरा, माझ्या पडद्यांतली शेजारीण आणि दोघांच्या मध्ये माझी मुलगी. माझं नाव नाहीच, "आपल्या सर्वांची लाडकी आया" असं पुकारलं. मी वर गेले. मिसेसनी माझ्या हातात नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. भली बाई होती. तिचे डोळे भरून आले होते. माइकसमोरच ती म्हणाली, "तुमचा तो शेवटचा प्रसंग बघून मी ढसाढसा रडले हो. नाटक वाटलंच नाही. हे मला सांगत होते मागे, मुलगी जन्मापासून तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलीय म्हणून. इतकी वर्षं एका घरी काम करायचं म्हणजे सोपं नाही. नशीबवान आहेत तुमचे मालक."

'हे' म्हणजे माझा नवरा. तिने त्याच्याकडेच हात केला होता.

मांडवात पुढच्या चार ओळी गप्प झाल्या. त्या सगळ्यांना मी कोण ते माहीत होतं. त्यांनी माझ्या घरचं हळदीकुंकवाचं वाण नेलं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो टोपी काढून आतल्या बाजूला काहीतरी शोधत होता.

मी नारळ खाली ठेवला. पोरीपाशी गेले, तिला हाताला धरून माइकसमोर उभं केलं. आवाज कसा लावायचा हे मला येत होतं. म्हटलं, "बाळा, मी तुझी कोण? सांग यांना."

पोरगी माझ्याकडे बघेना. तिने बापाकडे बघितलं. चांगल्या शहाण्या मुलीसारखं हात मागे बांधून, धड्यातलं म्हणून दाखवावं तसं स्पष्ट म्हणाली, "घरी आई. आणि बाहेर सगळीकडे आया, मॅनेजरकाका कुठेही भेटतील म्हणून. बाबांनी शिकवलंय. चुकलं तर बाबा बोलत नाहीत."

लाउडस्पीकर पार कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत लावले होते. मागे कोणीतरी फिसकन हसलं, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. मिसेसचा हात माझ्या खांद्यावरून निघून गेला. मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, असं कशाला?" आणि माझा नवरा म्हणाला, "सर, लहान आहे, काहीही बोलते." सासूबाई पहिल्या ओळीत होत्या. त्या उठल्या, चप्पल पायात सरकवली आणि एकट्याच घरी निघून गेल्या. म्हातारी तेवढी खरं बोलली होती आणि तिलाच मी खोटारडी ठरवलं होतं.

घरी आल्यावर नवरा पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "तिथे स्टेजवरच विचारायची काय गरज होती? बढतीचं बोलणं चालू आहे माझं. त्यांचा आधीच गैरसमज झाला होता, मी तो मोडायला गेलो असतो तर किती वेडपट दिसलो असतो! एकदा झालं ते झालं. पुढे निभवायला नको?"

"निभवायला? पोरीला शिकवून?"

"मग ती मध्येच आई म्हणाली असती तर?"

मी म्हटलं, "माझा पगार चालतो, माझा रंग चालत नाही. लाज वाटते ना तुम्हाला माझी? एकदा बोला तरी."

तो खरोखर दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मी तुला आजपर्यंत एकदा तरी काळी म्हटलंय का? सांग ना. म्हटलंय?"

नव्हतं म्हटलं. त्याच्या आईच्या शिव्या अंगावर घेता येतात, त्यांना तोंड असतं. या माणसाला मी कुठे चावणार होते? त्याला बढती मिळाली, पुढच्या वर्षी. आम्ही अजून एकाच घरात राहतो. केबलवाल्याचं दुकान गेलं, घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, मालिकेच्या कॅसेटला बुरशी लागली. सासूबाई जाईपर्यंत माझ्या रंगावरून तोंडावर बोलत राहिल्या आणि मी त्यांचं केलं सगळं, मनापासून केलं. त्याच्याशी मी बोलते. भाजी काय आणायची, वीजबिल भरलं का, एवढं बोलते.

पण मला सांगायचंय ते सत्काराच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी मी पोरीला तिच्या शाळेत सोडायला गेले. रिक्षा, स्कूटर, आयांची नि पोरांची फाटकापाशी झुंबड. मी तिची वेणी सारखी केली, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली. एरवी ती 'टाटा आया' म्हणून पळत सुटायची. त्या दिवशी ती हलेना. माझ्या पदराचं टोक धरून उभी. मी म्हटलं, काय झालं? तिने मला खाली वाकायला लावलं आणि अगदी कानाशी येऊन विचारलं, "इथे आई म्हटलं तर चालेल का?"

"चालेल," मी म्हटलं. "कुठेही चालेल. मोठ्याने म्हण."

तिने तोंड उघडलं. आणि म्हणायच्या आधी मागे वळून सगळा रस्ता नीट बघून घेतला, बाबा तर नाहीत ना म्हणून.